‘होय म्हाराजा’ आणि बिघडलेला फिल्टर: सभागृहातला एको घालवायला शिकताना

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावात शिमग्याआधी गावकीची सभा भरते. चाकरमानी आता त्या सभेला मुंबईहून व्हिडिओ कॉलवर बसतात. सभागृह चिऱ्यांचं, आतून गिलावा नाही, खाली कोबा, वर पत्रे. कोपऱ्यात स्पीकर, टेबलावर माइक. पहिल्याच सभेत मुंबईचे काका ओरडले, “अरे, माझोच आवाज माका परत ऐकाक येता!” त्यावर जमलेल्या सगळ्यांनी एकमुखाने निदान केलं: काकांचा मोबाइल बिघडलाय. काकांनी बिचाऱ्यांनी दोनदा मोबाइल बंद करून चालू केला.

मोबाइल ठणठणीत होता. या विषयात नवख्या माणसाची पहिली चूक हीच होते, म्हणून ती आधी सांगतो. ज्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो, त्याच्याकडे बिघाड नसतो. बिघाड समोरच्या खोलीत असतो. काकांचा आवाज आमच्या स्पीकरमधून बाहेर पडला, चिऱ्यांवर आपटला, आमच्या माइकमध्ये शिरला आणि मुंबईला परत गेला. औषध आमच्याकडेच द्यायला हवं होतं.

पुढे जे लिहिलंय ते थोडंफार प्रोग्रामिंग येणाऱ्या, पण ‘ॲडॅप्टिव्ह फिल्टर’ हा शब्द पहिल्यांदाच ऐकणाऱ्या माणसासाठी आहे. गुणाकार, बेरीज आणि आकड्यांची यादी एवढं कळलं की पुरे.

कल्पना एवढीच

काका काय बोलले ते आपल्याला आधीच माहीत असतं, कारण ते आपणच स्पीकरला पाठवलेलं असतं. त्या आवाजाचं खोलीत काय होईल याचा अंदाज बांधायचा आणि माइकमध्ये जे आलं त्यातून तो वजा करायचा. उरतो तो खोलीतल्या माणसांचा आवाज. हा अंदाज बांधणारा आणि तो सतत सुधारत राहणारा भाग म्हणजे ॲडॅप्टिव्ह फिल्टर.

हा प्रश्न टेलिफोनच्या तारांमधून आला. सुमारे ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहामार्फत बोलणं सुरू झालं, तेव्हा आपलाच आवाज अर्ध्या सेकंदाने परत यायला लागला आणि लोक अडखळायला लागले. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये त्यावर काम झालं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले मनमोहन सोंधी यांचा स्वतः जुळवून घेणाऱ्या एको कॅन्सलरवरचा, म्हणजे एको घालवणाऱ्या यंत्रणेवरचा, लेख १९६७ चा. त्यामागचं शिकण्याचं तत्त्व विड्रो आणि हॉफ यांनी १९६० मध्ये मांडलेलं, ‘एलएमएस’ (लीस्ट मीन स्क्वेअर्स) नावाचं. आजही नवख्याने सुरुवात तिथूनच करावी.

पण अंदाज एकदाच का बांधत नाहीत? सकाळी खोली मोजली, आकडे जतन केले, काम संपलं, असं का होत नाही? हिशेब करून बघा. हवा एक अंश तापली की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. पत्र्याखालचं सभागृह दुपारपर्यंत पाच अंशांनी तापलं, तर वेग ३ मीटरने, म्हणजे जवळपास ०.९ टक्क्याने वाढला. दहा मीटर फिरून माइकपर्यंत येणारा पडसाद सकाळी साधारण २९ मिलिसेकंदांत येत होता, तो आता पाव मिलिसेकंद लवकर येतो. आवाज सेकंदाला १६,००० वेळा मोजत असाल, म्हणजे तेवढे आकडे किंवा ‘नमुने’ घेत असाल, तर हा फरक चार नमुन्यांचा झाला. १००० हर्ट्झच्या लहरीचा तो पाव भाग. एवढ्या फरकाने वजाबाकी केली, तर तो पडसाद कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. नुसत्या उन्हाने ही गत. कुणी दार उघडलं, खुर्ची सरकवली तर बोलायलाच नको. म्हणून फिल्टरला सतत शिकत राहावं लागतं.

पायरी १: आधी सतरंज्या

संगणक उघडण्याआधी सभागृहात उभं राहून एक टाळी वाजवा आणि तिचा निनाद किती वेळ टिकतो ते ऐका. आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणाऱ्या वेळाला निनादकाल म्हणतात. त्याचं सॅबिनचं सूत्र सोपं आहे: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण, म्हणजे आवाज पूर्ण गिळणाऱ्या पृष्ठभागाचे चौरस मीटर.

आमचं सभागृह ८ बाय ६ मीटर आणि सरासरी साडेतीन मीटर उंच धरा. घनफळ १६८ घनमीटर. रिकाम्या खोलीचं शोषण १८ चौरस मीटर धरलं तर निनादकाल दीड सेकंद येतो. आता तीस माणसं आत बसवा. बसलेला माणूस साधारण ०.४५ चौरस मीटर शोषण करतो, म्हणजे साडेतेरा चौरस मीटरची भर पडली. निनादकाल ०.८६ सेकंदावर आला. कुठलाही गणिती फिल्टर न लावता! सतरंज्या अंथरा, खिडक्यांना जाड पडदे लावा, मागच्या भिंतीवर जुनी घोंगडी टांगा. आमच्याकडे मंडपाची कनात टांगून ठेवली आहे. दिसायला वाईट, कामाला चांगली.

अशा खोलीत स्पीकरपासून माइक कितीही लांब नेला तरी फायदा फारसा होत नाही. आवाज सगळीकडे सारखा फेकणारा स्पीकर असेल, तर रिकाम्या सभागृहात साधारण ६० सेंटीमीटरच्या पुढे भिंतींवरून आलेलाच आवाज जास्त असतो, आणि तो कोपऱ्यात काय नि मध्यभागी काय, जवळपास सारखाच. माइक स्पीकरपासून पळवण्यापेक्षा बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ न्या. स्पीकरचा आवाजही कमी ठेवा. चुरचुरणारा, फाटलेला आवाज फिल्टरला शिकता येत नाही, कारण हा फिल्टर फक्त ‘इतक्या उशिराने, इतक्या पटीने’ एवढ्याच भाषेत विचार करतो.

पायरी २: दोन आवाज, एक घड्याळ

फिल्टरला दोन प्रवाह लागतात. एक संदर्भ, म्हणजे स्पीकरकडे जाणारा आवाज. दुसरा माइकचा. संदर्भ जितका स्पीकरच्या जवळून घेता येईल तितका घ्या. आवाजाचं बटण फिरवण्याआधीचा संदर्भ घेतला, तर कुणी बटण फिरवलं की फिल्टरला खोलीच बदलल्यासारखी वाटते.

माइक आणि स्पीकर एकाच साउंड कार्डावर हवेत. हे ऐच्छिक समजू नका. यूएसबीचा माइक आणि ब्लूटूथचा स्पीकर अशी जोडी जमवली, तर दोघांची घड्याळं वेगळी चालतात. दहा लाखांत फक्त ५० चा फरक असला तरी सेकंदाला ०.८ नमुना घसरतो, पाच सेकंदांत चार नमुने. वर उन्हाने जे दुपारपर्यंत केलं, ते इथे पाच सेकंदांत होतं.

आणि माझी फजिती. मी हौसेने स्वतःचा फिल्टर लिहिला आणि कॉलच्या ॲपमधला एको कॅन्सलर बंद करायचा विसरलो. त्यामुळे माझ्या फिल्टरकडे येणारा माइकचा आवाज आधीच कुणीतरी कापूनछाटून दिलेला, आणि तो कापणाराही क्षणोक्षणी बदलणारा. मी दोन आठवडे स्वतःच्या गणितात चुका शोधत होतो. प्रयोग करताना एको कॅन्सलेशन, आवाज आपोआप वाढवणं आणि गोंगाट कमी करणं या तिन्ही सोयी आधी बंद करा.

पायरी ३: उशीर मोजा

संगणकातून आवाज निघून माइकमधून परत येईपर्यंत साउंड कार्डाच्या बफरमध्येच बराच वेळ जातो. तेवढी रिकामी जागा फिल्टरला शिकायला लावणं म्हणजे देवगडहून मालवणला व्हाया कोल्हापूर जाणं. संदर्भ एकेक नमुना मागे सरकवत माइकच्या आवाजाशी ताडून बघा. जिथे सर्वांत जास्त जुळतो तो उशीर. त्यातून थोडे नमुने कमी करून तेवढा संदर्भ मागे ढकला. थोडे कमी अशासाठी, की प्रत्यक्ष एको संदर्भाच्या आधी आला तर फिल्टर काहीच करू शकत नाही.

पायरी ४: फिल्टर किती लांब

फिल्टर म्हणजे गुणकांची यादी. पहिला गुणक सांगतो की आत्ताच्या नमुन्याचा किती भाग माइकमध्ये येतो, दुसरा त्याआधीच्या नमुन्याबद्दल सांगतो, असं पुढे. ‘स्पीक्स’ या मुक्त लायब्ररीच्या माहितीपुस्तिकेत सल्ला आहे की लांबी निनादकालाच्या एक तृतीयांश ठेवावी. रिकाम्या सभागृहासाठी अर्धा सेकंद, म्हणजे ८,००० गुणक. माणसं बसल्यावर ४,६०० च्या आसपास. साध्या पद्धतीत प्रत्येक नमुन्याला गुणकांच्या दुप्पट गुणाकार लागतात. ८,००० गुणकांना सेकंदाला २५ कोटी ६० लाख, ४,६०० ना सुमारे १५ कोटी. सतरंज्यांनी संगणकाचंही ओझं उतरवलं.

पायरी ५: हाताने पाच नमुने

एलएमएसची सुधारलेली आवृत्ती म्हणजे एनएलएमएस (नॉर्मलाइज्ड एलएमएस). तिच्यात चार ओळींचं काम आहे:

अंदाज = (गुणक × संदर्भाचे नमुने) यांची बेरीज
चूक = माइक − अंदाज
ताकद = संदर्भाच्या नमुन्यांच्या वर्गांची बेरीज + एक छोटा आकडा
प्रत्येक गुणक = जुना गुणक + पाऊल × चूक × त्याचा नमुना ÷ ताकद

मुंबईला जायचा आवाज म्हणजे ती ‘चूक’च. नाव वाईट, पण पाठवायची तीच.

कोड लिहिण्याआधी हे कागदावर करा, मी सांगतो म्हणून करा. खोली दोनच गुणकांची धरू: ०.५ आणि ०.२५. फिल्टरला हे माहीत नाही, तो ० आणि ० पासून सुरू होतो. पाऊल, म्हणजे एका वेळी किती सुधारायचं तो आकडा, १ धरू आणि छोटा आकडा तूर्त सोडू. काकांचे नमुने: २, १, −१, १, ३.

पहिला नमुना २, त्याआधी शांतता. माइकमध्ये १ आलं, अंदाज ०, चूक १, ताकद ४. गुणक झाले ०.५ आणि ०. पहिला एका दमात बरोबर आला.

दुसरा नमुना १, आधीचा २. माइकमध्ये १, अंदाज ०.५, चूक ०.५, ताकद ५. गुणक ०.६ आणि ०.२. बरोबर आलेला पहिला गुणक बिघडला! घाबरू नका. चुकीचं खापर कुणावर फोडायचं हे फिल्टरला कळत नाही, तो नमुन्यांच्या प्रमाणात सगळ्यांना वाटून देतो.

तिसरा −१, आधीचा १. माइकमध्ये −०.२५, अंदाज −०.४, चूक ०.१५, ताकद २. गुणक ०.५२५ आणि ०.२७५.

चौथा १, आधीचा −१. माइकमध्ये ०.२५, अंदाजही ०.२५. चूक शून्य. फिल्टर काहीच शिकला नाही, आणि गुणक तर अजून चुकीचेच आहेत. या ओळीवर जरा थांबा. तिसऱ्या आणि चौथ्या वेळची जोडी एकच आहे, फक्त चिन्ह उलटं. तोच प्रश्न पुन्हा विचारला तर नवीन उत्तर कुठून मिळणार? माणसाचं बोलणं असंच असतं, शेजारचे नमुने एकमेकांसारखे. म्हणून पावसासारख्या एकसंध खरखरीवर फिल्टर झटपट शिकतो आणि काकांच्या बोलण्यावर रेंगाळतो.

पाचवा ३, आधीचा १. माइकमध्ये १.७५, अंदाज १.८५, चूक −०.१, ताकद १०. गुणक ०.४९५ आणि ०.२६५. जवळ आलो.

तो ‘छोटा आकडा’ कोडमध्ये मात्र विसरू नका. काका गप्प बसले की ताकद शून्याजवळ जाते, त्याने भागलं की गुणक आकाशाला भिडतात आणि स्पीकरमधून जो आवाज येतो त्याने सभा उठते. पाऊल ० आणि २ च्या मधलंच हवं. प्रत्यक्षात मी ०.२ च्या आसपास सुरू करतो. मोठं पाऊल लवकर शिकतं पण गोंगाटात डळमळतं.

पायरी ६: आधी खोटी खोली

पहिली चाचणी सभागृहात नको. बोलण्याची एखादी ध्वनिफीत घ्या, तुम्हीच बनवलेल्या गुणकांतून ती काढून खोटा माइक तयार करा आणि फिल्टर त्यावर चालवा. किती एको गेला ते डेसिबलमध्ये मोजतात: माइकची ऊर्जा भागिले वरच्या ‘चूक’ या प्रवाहाची ऊर्जा, त्याचा लॉगरिदम गुणिले दहा. या मापाला ईआरएलई म्हणतात. वीस डेसिबल म्हणजे एकोची ऊर्जा शंभरावा भाग उरली. खोट्या खोलीत हा आकडा वाढत गेला नाही, तर चूक कोडमध्ये आहे, चिऱ्यांमध्ये नाही.

पायरी ७: काका आणि गाव एकदम बोलले तर

इथे खरी परीक्षा. आमच्याकडे सभा संपताना गाऱ्हाणं घालतात. त्या वर्षी मान काकांचा, आणि काका मुंबईत. त्यांनी कॉलवरूनच सुरुवात केली, “बा देवा म्हाराजा…” आणि प्रत्येक वाक्याला इथली तीस माणसं गरजली, “होय म्हाराजा!”

फिल्टरच्या जागी स्वतःला ठेवून बघा. काकांचा आवाज चालू आहे, आपला अंदाज छान जुळलाय, आणि अचानक माइकमध्ये प्रचंड काहीतरी आलं. चूक एकदम मोठी. फिल्टरला वाटतं आपलंच चुकलं. तो भराभर आठ हजार गुणक बदलतो, तीस गळ्यांचा आवाज काकांच्या नमुन्यांतून बनवायचा प्रयत्न करतो. ‘होय म्हाराजा’ संपेपर्यंत खोलीचं शिकलेलं चित्र पार पुसलेलं असतं. पुढच्या वाक्याला काकांना आधीपेक्षा मोठा एको. असं प्रत्येक ओळीला. शेवटी ते म्हणाले, “देव बरो आयकता, तुमचो डबो आयकना नाय.”

याला डबल-टॉक म्हणतात. उपाय ऐकायला सोपा आहे: दोघं एकदम बोलत असतील तेव्हा शिकणं थांबवा, वजाबाकी चालू ठेवा. पण ते ओळखायचं कसं?

एक जुनी युक्ती गायगेल नावाच्या संशोधकाची. माइकचा आवाज अलीकडच्या संदर्भातल्या सर्वांत मोठ्या नमुन्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाला, तर समजा इथलं कुणीतरी बोलतंय. टेलिफोनच्या तारांत ही चालते, कारण तिथे एको निम्म्याहून जास्त नसतो अशी खात्री धरता येते. खोलीत स्पीकरचं बटण कुणाच्या हातात आहे त्यावर सगळं अवलंबून. मी वापरून बघितली आणि सोडली.

दुसरी रीत म्हणजे अंदाज आणि माइक एकमेकांशी किती जुळतात ते बघायचं. नीट शिकलेल्या फिल्टरचा अंदाज माइकशी जवळपास तंतोतंत जुळतो. गाव बोललं की जुळणी घसरते. पण कुणी माइक उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवला तरीही ती घसरते. पहिल्या वेळी थांबायला हवं, दुसऱ्या वेळी उलट जोरात शिकायला हवं, आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

म्हणून मला दोन फिल्टरांची रीत पटते. मागचा फिल्टर सतत शिकत राहतो, वाटेल तेवढा चुकू दे. पुढचा स्वतः शिकत नाही, मुंबईला जाणारी वजाबाकी तोच करतो. मागच्याची चूक बराच वेळ पुढच्यापेक्षा स्पष्टपणे कमी राहिली, तरच त्याचे गुणक पुढच्यात उतरवायचे. ‘होय म्हाराजा’च्या वेळी मागचा बिघडतो, पुढचा शांत राहतो. माइक हलवला तर मागचा नव्याने शिकतो आणि थोड्या वेळाने पुढच्याला शहाणं करतो. गणित दुप्पट लागतं, डोकेदुखी निम्मी होते.

स्पीक्सने वेगळी वाट घेतली आहे, तीही समजून घ्या. तिथे थांबा किंवा चाला असा निर्णयच नाही, पाऊल सतत लहानमोठं होतं. उरलेल्या चुकीत एकोचा वाटा किती, याचा अंदाज काढायचा आणि पाऊल तेवढंच ठेवायचं. चूक सगळी एकोची असेल तर मोठं पाऊल. चुकीत बहुतेक गावाचा आवाज असेल तर जवळपास शून्य.

पायरी ८: वेग

आठ हजार गुणकांचं काम नमुन्यागणिक करणं जड जातं. म्हणून नमुन्यांचे गठ्ठे करून एफएफटी या गणिती पद्धतीने त्यांतल्या वारंवारता सुट्या करतात आणि गुणाकार तिथे करतात. एकच मोठा गठ्ठा केला तर अर्धा सेकंद वाट बघावी लागेल, म्हणून २५६ नमुन्यांचे, १६ मिलिसेकंदांचे, ३२ तुकडे करतात. आणखी एक फायदा असा, की प्रत्येक वारंवारतेला तिच्या ताकदीप्रमाणे वेगळं पाऊल देता येतं, त्यामुळे पाचव्या पायरीतलं रेंगाळणं कमी होतं. हे स्वतः लिहिण्याआधी साधा एनएलएमएस चालवून दाखवा. सरळ इथे उडी मारणारे बरेच जण तुकड्यांच्या कडांवर अडकतात.

पायरी ९: उरलेलं

वजाबाकीनंतरही थोडा एको राहतोच. निनादाची शेपटी, स्पीकरची चुरचुर. त्यावर शेवटी एक दाबणारा भाग बसवतात, जो फक्त काकाच बोलत असताना बाहेर जाणारा आवाज आणखी कमी करतो. तो जास्त कडक केला तर ‘होय म्हाराजा’तलं ‘होय’ खातो आणि मुंबईला नुसतं ‘म्हाराजा’ पोचतं. शिवाय आवाज पूर्ण शून्य करू नका, समोरच्याला कॉल तुटला असं वाटतं. मंद खरखर मिसळून द्या.

पायरी १०: पावसात

जूनमध्ये पत्र्यावर पाऊस सुरू झाला की माइकमध्ये त्याचाच आवाज. तो एको नाही. संदर्भात तो नाहीच, त्यामुळे हा फिल्टर तो काढू शकत नाही. गोंगाट कमी करणारा भाग वेगळा आणि तो या फिल्टरच्या नंतर लावायचा, आधी लावला तर माझ्या फजितीची पुनरावृत्ती होते. फिल्टरने पावसात एवढंच करायचं: पाऊल लहान ठेवायचं आणि आधी शिकलेलं जपायचं. सातव्या पायरीतलं बदलतं पाऊल बसवलं असेल, तर ते हे आपोआप करतं.

शेवटची चाचणी सभेच्या आदल्या संध्याकाळी सभागृहातच घ्या. मुंबईच्या माणसाला दोन मिनिटं एकट्याला बोलायला सांगा आणि ईआरएलई कुठवर चढतो ते बघा. मग दोघांनी एकदम बोला. मग माइक एक हात सरकवा, आकडा पडेल, आणि परत वर यायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा. मग दार उघडा, पंखा लावा. प्रत्येक वेळी तिकडच्या माणसाला एकच प्रश्न विचारा: “तुमचोच आवाज तुमका येता काय?” घुमतंय का, असं विचारू नका. घुमणं ही बोलणाऱ्याच्या तोंडापासून माइकच्या अंतराची आणि इथल्या भिंतींची तक्रार, तिला पहिलीच पायरी लागू.